घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे! मधेच श्वास थांबत असेल तर तपासणी करा

"दिवसभर राबलाय, म्हणून घोरतोय," असं म्हणत घरोघरी घोरण्याकडे कानाडोळा होतो. साधं घोरणं सहसा धोक्याचं नसतं. मात्र घोरता घोरता माणूस एकदम गप्प होत असेल, काही सेकंद श्वासच येत नसेल आणि मग दचकून धाप टाकत श्वास सुरू होत असेल, तर तो 'स्लीप अ‍ॅप्निया' हा आजार असू शकतो. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी हेच कारण सांगितले होते.

कशामुळे होतं?
झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अरुंद होते. टाळूचा मागचा मऊ भाग थरथरतो, तोच घोरण्याचा आवाज. वाट पूर्ण बंद झाली की श्वास थांबतो. वाढलेलं वजन, जाड मान, दारू आणि झोपेच्या गोळ्या यामुळे त्रास वाढतो. लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा वाढलेले टॉन्सिल कारणीभूत असतात. पाळी बंद झाल्यावर महिलांमध्येही प्रमाण वाढतं. बारीक माणसालाही हा आजार होऊ शकतो.

ही लक्षणं ओळखा
- सकाळी डोकं जड, तोंड कोरडं
- रात्री वारंवार लघवीला उठणं
- गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात न येणं
- दिवसा बसल्या जागी डुलकी. ट्रॅक्टर, पिकअप किंवा मोटारसायकल चालवताना हीच डुलकी जीवावर बेतते

तपासणी
कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवावं. रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, श्वास १० सेकंद किंवा जास्त वेळ थांबणं किंवा मंदावणं तासाला किती वेळा होतं ते मोजतात. मोठ्या माणसांत ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

उपचार
वजन कमी करणं, दारू सोडणं आणि कुशीवर झोपणं याने सौम्य त्रासात बराच फरक पडतो. मध्यम व तीव्र आजारात 'सीपॅप' यंत्र वापरतात. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं; मात्र रोज रात्री लावावं लागतं. काहींना दातांवर बसवायचं साधन किंवा ऑपरेशन लागतं. नाकावरच्या पट्टीने आवाज कमी झाला तरी आजार जात नाही.

पेशंटला स्वतःला झोपेतलं काही कळत नाही. म्हणून घरच्यांनीच मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही आधीच सांगावं.