पॅराकॉर : अडगळीतून परतलेली मोजपट्टी

भिवंडीत यंत्रमागावर ताणा चढवण्याआधी धागे सायझिंगमध्ये खळीतून काढतात. खळ धाग्यावर नीट पसरली नाही, तर मागावर धागे तुटतात. सुती धागा पाण्यातली खळ सहज धरतो. पॉलिएस्टरचे तसे नाही. त्यामागील एक कारण पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला सेंटिमीटरमागे सुमारे ७३ डाइन, तर पॉलिएस्टरच्या पृष्ठभागाचा सुमारे ४३. म्हणून नुसते पाणी त्यावर पसरत नाही, थेंब होऊन राहते.

पाण्याचा पृष्ठताण आपण शाळेतही केशनलिकेने मोजतो. वितळलेले बहुवारिक मात्र काकवीहून कितीतरी घट्ट. ते स्थिरावायला फार वेळ लागतो, आणि तोवर उष्णतेने त्याचे रेणू तुटू लागतात. मग न मोजताच अंदाज बांधता येईल का?

त्याचे मूळ बहुवारिकांच्या अभ्यासात नाही. १९२३ मध्ये मॅक्लाउड यांना दिसले की, पृष्ठताणाच्या चतुर्थमूळाला द्रव व बाष्प यांच्या घनतांतील फरकाने भागले, तर येणारी संख्या तापमानाबरोबर जवळजवळ बदलत नाही. १९२४ मध्ये लंडनच्या बर्कबेक कॉलेजातील सॅम्युएल सग्डेन यांनी तिला रेणुभाराने गुणले आणि ‘पॅराकॉर’ हे नाव दिले. रेणूतील अणूंचे वाटे मिळवले की पॅराकॉर मिळतो : कार्बन ४.८, हायड्रोजन १७.१. दुहेरी बंध व वलये यांचे वाटे वेगळे. त्यावरून रेणूंची रचना ओळखली जाई. पुढे क्ष-किरण आणि वर्णपटाच्या पद्धती आल्या व पॅराकॉर मागे पडला.

बहुवारिकांनी त्याला पुन्हा कामाला लावले. १९६५ मध्ये रो यांनी तो बहुवारिकांना लावून पाहिला. साखळी लांब झाली की पॅराकॉर आणि घनफळ एकाच प्रमाणात वाढतात. त्यांचा भागाकार तोच राहतो. म्हणून एका दुव्याचा हिशेब पुरतो.

पॉलिथिनचा दुवा घेऊ : एक कार्बन, दोन हायड्रोजन. पॅराकॉर ३९. अस्फटिकी अवस्थेत एक मोल दुव्यांचे घनफळ सुमारे १६.४ घन सेंटिमीटर. भागाकार २.३८, त्याचा चौथा घात ३२. वितळलेल्या पॉलिथिनच्या मोजमापांवरून २० अंशांसाठी काढलेले मूल्य सुमारे ३६ आहे. चौथ्या घातामुळे घनफळातील १ टक्का चूक उत्तरात ४ टक्के होते, हे विद्यार्थ्यांनी जरूर पडताळावे.

१९७२ मध्ये डच संशोधक व्हान क्रेव्हेलेन यांनी बहुवारिकांच्या गुणधर्मांवरील आपल्या ग्रंथात ही रीत घेतली. धागा तयार होण्याआधीच त्यावर खळ कितपत पसरेल, याचा पहिला अंदाज आज आपण कागदावर बांधू शकतो.