पाया आणि घर

संगणक सुरू होताच पडद्यावर खिडक्या, चित्रे व याद्या यांची जी मांडणी दिसते, तिला डेस्कटॉप म्हणतात. लिनक्स या मुक्त प्रणालीसाठी असे दोन मोठे डेस्कटॉप निर्माण झाले. माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ साली केडीईचा आरंभ केला; पुढल्याच वर्षी मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ग्नोमचा. दोहोंची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, अशी खुली होती.

काही वर्षे दोघांनीही संथ सुधारणेचा मार्ग धरला. ग्नोमची दुसरी पिढी २००२ साली आली आणि दर सहा महिन्यांनी थोडीथोडी सुधारत आठ वर्षे नांदली. पण डागडुजीलाही मर्यादा असते. केडीई ज्या क्यूटी नामक साधनसंचावर उभे होते, त्याची चौथी आवृत्ती २००५ साली निघाली. ती जुन्याशी सरळ जुळणारी नव्हती. पाया बदलायचाच, तर घरही नवे बांधावे, असे केडीईच्या रचनाकारांनी ठरविले.

११ जानेवारी २००८ रोजी केडीई ४.० प्रसिद्ध झाले. ही आवृत्ती सर्वसामान्यांसाठी नव्हे, असे कर्ते सांगत राहिले. तथापि फेडोरा या वितरणाने त्याच वर्षी जुने काढून तीच लोकांपुढे ठेवली. सवयीच्या कित्येक सोयी तीत अद्याप आल्याच नव्हत्या. लोक चिडले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः ग्नोमकडे गेले. परंतु ६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३.० नेही तोच मार्ग पत्करला. खिडकी खाली दडविण्याचे (मिनिमाइझ) साधे बटणसुद्धा दर्शनी भागातून नाहीसे झाले. टोरवाल्ड्स पुन्हा बाहेर पडले, आणि २०१३ साली परतले.

इतरत्र अशा वेळी ग्राहकास निमूटपणे नवे स्वीकारावे लागते. येथे तसे घडले नाही. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने २०११ साली ग्नोमच्या दुसऱ्या पिढीची संहिता घेऊन ‘माटे’ सुरू केले. जुन्या केडीईचा वारसा ‘ट्रिनिटी’ने चालविला. दोन्ही आजही हयात आहेत. मात्र हे स्वातंत्र्य फुकटचे नव्हे: जुने घर राखायचे, तर ते राखणारे हातही लागतात.

म्हणून क्रांती व्यर्थ गेली, असे म्हणता येणार नाही. केडीईच्या त्या उलथापालथीतूनच प्लाझ्मा हा आजचा डेस्कटॉप निघाला. त्याच्या पाचव्या पिढीच्या वेळी, २०१४ साली, आणि सहाव्या पिढीच्या वेळी, २०२४ साली, क्यूटीचा पाया पुन्हा बदलला गेला. परंतु राहणाऱ्यांची ओळखीची मांडणी बहुतांशी जागच्या जागी राहिली. पाया बदलणे आणि घर बदलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००८ साली त्या एकदमच केल्या गेल्या, आणि त्याची किंमत रचणाऱ्यांपेक्षा राहणाऱ्यांनीच अधिक मोजली.