खोडदपर्यंत आलेली तार

घराघरांत वायफाय आलं, तरी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा भरवसा तारेच्या इथरनेटवरच आहे. त्यात गंमत अशी, की या तारेच्या कुळाचा मूळपुरुष रेडिओ आहे.

1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. या अलोहानेटवर ज्याला बोलायचं त्याने बोलावं. दोघं एकदम बोलले आणि संदेश धडकले, तर थोडं थांबून पुन्हा पाठवावं, असा नियम होता. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी 1973 पासून हाच नियम सुधारून केबलवर आणला. आधी कानोसा घ्यायचा, लाइन मोकळी असेल तर बोलायचं, धडक झालीच तर माघार घ्यायची. 1983 मध्ये त्याचं मानक झालं.

पहिली केबल बोटाएवढी जाड होती. मग पातळ कोअॅक्स आली. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे टी-कनेक्टर लावत ती 185 मीटरपर्यंत नेता येई आणि दोन्ही टोकांना 50 ओहमचे टर्मिनेटर लागत. एखादा टर्मिनेटर सैल झाला, की लहरी टोकावरून उलट्या फिरत आणि सगळ्या मजल्याचं काम ठप्प होई. बिघाड शोधायला सगळे संगणक बंद असताना टी-कनेक्टरवर मल्टिमीटर लावायचा. सुमारे 25 ओहम दिसले तर दोन्ही टोकं शाबूत, 50 दिसले तर एक टोक गेलेलं.

खगोलशास्त्रात तेव्हा ‘सन’ कंपनीच्या युनिक्स वर्कस्टेशनांची चलती होती. त्यांवरच्या इथरनेटचं नाव ‘एलई-शून्य’. पडद्यावर ‘नो कॅरिअर’ उमटलं, की सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी ट्रान्सीव्हरची केबल हलवून पाहायची. ‘नेटस्टॅट’ या आज्ञेच्या तक्त्यात धडकांचा आकडा भराभर वाढताना दिसला, तर गर्दी तरी आहे किंवा केबल तरी खराब. आणखी एक दुखणं वयाबरोबर येई. यंत्राचा इथरनेट पत्ता एका चिपमध्ये असे आणि तिची बॅटरी आतच बंदिस्त. बॅटरी संपली, की पत्ताही पुसला जाई. मग नवी चिप बसवायची, नाहीतर आवरण कोरून बाहेरून सेल जोडायचा.

1990 मध्ये पिळाच्या जोडतारेचं मानक आलं. प्रत्येक यंत्राला हबपर्यंत स्वतंत्र तार मिळाली, त्यामुळे एकाच्या बिघाडाने सगळे अडकणं थांबलं. पण या तारेची मर्यादा 100 मीटर. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांपैकी 14 खोडदजवळ सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात आहेत. बाकीच्या 16 तीन भुजांवर. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांत सुमारे 25 किलोमीटरचं अंतर आहे. तिथे तांब्याच्या तारेचं काम नव्हे. म्हणून तबकड्यांकडून मध्यवर्ती इमारतीपर्यंत काचतंतू टाकलेले आहेत. काचतंतूतून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत, विजेचा लोळही त्यातून वाहून येत नाही. इमारतीत पोहोचलेल्या संकेतांचं गणित 2010 च्या सुमारास साध्या लिनक्स संगणकांच्या ताफ्यावर आलं. हे संगणक गिगाबिट इथरनेटने एकमेकांशी बोलत. अद्ययावत यंत्रणेत 10 गिगाबिटचं इथरनेट आहे.

तरीही इथरनेट हा पाहुणा जपूनच ठेवावा लागतो. 100 मेगाबिट काय आणि गिगाबिट काय, दोन्ही प्रकारांत तांब्यावरचा ठेका 125 मेगाहर्ट्झचा. दुर्बिणीचा सर्वांत खालचा पट्टा सुमारे 120 मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, म्हणजे नेमका तिच्या कानाशीच. अलोहानेट जिथे बोले, त्या 407 आणि 413 मेगाहर्ट्झही आज ही दुर्बीण ऐकते. म्हणून अशा ठिकाणी संगणक आणि स्विच धातूच्या आवरणात कोंडतात.

जुन्नर-आंबेगावच्या शिवारांत या तबकड्यांशेजारी राहणाऱ्यांनी आणि पाहायला येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: दूरच्या आकाशगंगेच्या संकेतापुढे खिशातला मोबाईल म्हणजे ढोलताशा आहे. आवारात शिरताना तो नुसता सायलेंट करून भागत नाही. पूर्ण बंद करा.