ठेका पडला की पाय उचलतो

तिगाव हे नाव गोव्यातल्या फार थोड्या वाचकांनी ऐकले असेल. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पांढुर्णा लागते, त्याच्या परिसरातले हे गाव. संत्री आणि कापूस पिकवणारा हा मुलूख नकाशात मध्य प्रदेशात आहे, पण घराघरांत बोली मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसेही. २०२३ साली या भागाचा पांढुर्णा नावाचा वेगळा जिल्हा झाला. भाषा एकीकडे आणि राज्याची सीमा दुसरीकडे, हे प्रकरण काय असते ते आपल्याला कुणी वेगळे समजावून सांगायला नको!

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी तिथे चार दिवस राहिलो. निमित्त होते खंजिरी भजनाचे. खंजिरी म्हणजे लाकडी कड्यावर एका बाजूने चामडे ताणलेले आणि कड्याच्या खाचांत झांजा बसवलेले वाद्य. दिसायला अगदी किरकोळ. पण रात्री मंडळ उभे राहिले आणि दहा-बारा खंजिऱ्या एकदम वाजू लागल्या तेव्हा मला बसवेना. गाणारे नुसते गात नव्हते. ते वाकत होते, गुडघ्यावर येत होते, गिरकी घेऊन पुन्हा उभे राहत होते. हे सगळे दोन-अडीच तास चालले. त्यांच्यातले एक गृहस्थ साठीच्या पुढचे होते. दिवसभर शेतात राबून आलेले. भजन संपल्यावर मी विचारले, "हात दुखत नाहीत का हो?" ते हसले आणि म्हणाले, "घरी बसलो का दुखते भाऊ. इथं कायचं दुखते!"

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले, त्याला कारण होते. त्या सुमारास डॉक्टरांनी मला रोज तासभर चालायला सांगितले होते. रक्तातली साखर वाढली होती. मी चालत होतो, पण औषध घ्यावे तसा. घड्याळाकडे बघत, किती मिनिटे उरली ते मोजत. आणि इथे हा म्हातारा माझ्या दुप्पट घाम गाळून वर ताजातवाना! व्यायामाची टाळाटाळ ही इच्छाशक्तीची उणीव असते, असे आपण समजतो. मला वाटू लागले, उणीव कदाचित ठेक्याची असेल.

विदर्भात खंजिरी म्हटली की पहिले नाव येते ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी त्यांचा जन्म झाला, १९६८ साली मोझरीला ते गेले. या माणसाने खंजिरीच्या जोरावर गावेच्या गावे जमवली. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, एवढी त्या भजनाची धास्ती होती. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. जमलेल्या लोकांना त्यांनी नुसते श्रोते राहू दिले नाही. रात्री भजन आणि सकाळी ग्रामसफाई. ज्या हातांनी टाळ्या वाजवल्या त्याच हातांत झाडू आणि कुदळ. १९५५ साली आलेल्या त्यांच्या 'ग्रामगीते'त ग्राम-आरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. भजन, श्रम आणि आरोग्य हे त्यांच्या लेखी तीन वेगळे विषय नव्हतेच.

त्याच अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ युरोपला दाखवले. आपल्याकडच्या व्यायामाचा आणि वाद्याचा संबंध तर त्याहून पुष्कळ जुना आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. तिथली कुस्ती हलगीवाचून आजही कुणाला कल्पता येणार नाही. हलगी कडाडली की पैलवानाच्या अंगात बळ येते, असे म्हणतात. खरे तर बघणाऱ्याच्याही मांड्या शिवशिवतात!

लेझीम घ्या. शाळेतल्या कवायतीत आपण सगळ्यांनी ती हातात धरली आहे. हा शब्द मूळ फारसी. लेझम म्हणजे धनुर्धराने दंड कमवण्यासाठी ओढायचे सरावाचे धनुष्य. पुढे त्याला लोखंडी साखळी आणि चकत्या आल्या. इराणच्या 'झूरखाने' या आखाड्यांत असेच धनुष्य डोक्यावर धरून हलवतात. तिथे उंच आसनावर बसून एक जण भरदार वाद्य वाजवतो, कविता गातो, आणि खाली पैलवान त्या ठेक्यावर मुद्गल फिरवतात. युनेस्कोने २०१० साली ही परंपरा आपल्या वारसा यादीत घेतली. आमच्या लेझमीने वेगळीच गंमत केली. व्यायामाचे साधन स्वतःच वाद्य झाले. जो घाम गाळतो तोच ताल धरतो. वादक वेगळा आणि व्यायाम करणारा वेगळा, हा भेदच मिटला.

यामागचे शास्त्र अलीकडे थोडेफार उलगडले आहे. विल्यम मॅक्नील नावाचे अमेरिकन इतिहासकार १९४१ साली सैन्यात भरती झाले. टेक्सासच्या छावणीत तासन्तास कवायत करताना त्यांना थकव्याऐवजी एक विलक्षण आनंद जाणवला. सगळ्यांचे पाय एका तालात पडले की माणूस स्वतःपेक्षा मोठा होतो, असा तो अनुभव. त्यावर त्यांनी १९९५ साली एक पुस्तकच लिहिले. २०१२ साली ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि सहकारी यांनी प्रयोग करून पाहिले. जे गायले, ज्यांनी वाजवले, जे नाचले, त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. नुसते संगीत ऐकणाऱ्यांची तशी वाढली नाही. तिगावच्या त्या गृहस्थांनी चार शब्दांत सांगितले होते ते हेच.

आता गोव्याकडे येऊ. आपल्याकडे हे सगळे घरचेच आहे. पौषातल्या चांदण्यात मांडावर धालो घालणाऱ्या बायका घ्या. रात्र रात्र पुढे-मागे पावले टाकायची, वाकायचे, उठायचे. फुगडीला तर वाद्यही लागत नाही, स्वतःचा श्वासच ताल धरतो. डिचोली-सत्तरीतली घोडेमोडणी पाहा. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन ढोल-ताशांवर तासन्तास नाचणे ही युद्धाच्या कवायतीची आठवण नाही तर काय? आणि शिगम्याचे रोमट. गळ्यात ढोल अडकवून, पुढच्या मांडापर्यंत वाजवत, नाचत जायचे. माझ्या आजीला 'वर्कआऊट' हा शब्द ठाऊक नव्हता, पण सत्तरीतही ती उकिडवी बसून सहज उठायची.

दुःख एवढेच की ही दोन माणसे आता विभक्त झाली आहेत. संगीत खुर्चीत जाऊन बसले आणि व्यायाम आरशांच्या खोलीत एकटाच घाम गाळतो. ट्रकवरच्या भल्यामोठ्या स्पीकरमागून चालणारी मिरवणूक मी पाहतो तेव्हा आवाजापेक्षा मला दुसरेच खटकते. लोकांचे हात वर असतात ते मोबाईल धरायला. स्पीकरला आपली गरज नसते. आपण थांबलो तरी तो वाजतच राहतो. ढोलाचे तसे नाही. वाजवणाऱ्याचा हात थांबला की सगळा मेळ अडतो. माणसाला घराबाहेर काढणारी प्रेरणा हीच असते: माझ्यावाचून तिथे काहीतरी अडणार आहे.

वाद्ये टिकवायची असतील तर माणसेही टिकायला हवीत. घुमटाचेच पाहा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घोरपडीच्या चामड्याला बंदी आली, आता बकऱ्याचे चामडे वापरतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य जाहीर केले. चांगलेच झाले. पण वारसा सरकारी आदेशाने राहत नाही, तो मनगटात राहतो.

तिगावहून परतल्यावर मी आमच्या वाड्यावरच्या रोमटाच्या तालमीला जाऊ लागलो. सुरुवातीला मला कासाळे दिले, ढोल पेलण्याची माझी ऐपत नाही हे पोरांनी बरोबर ओळखले होते. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून आल्या, तिसऱ्या आठवड्यात मी वेळेआधी पोहोचू लागलो. सकाळचे चालणे चालूच आहे, गोळीही चालू आहे. भजनाने साखर बरी होते असा दावा मी करणार नाही. पण चढणीवर दम लागायचा तो आता कमी लागतो, आणि मुख्य म्हणजे घड्याळाकडे बघण्याची सवय सुटली.

वाचकहो, तुमच्याही वाड्यावर भजनी मंडळ असेल, फुगडीचा गट असेल, शिगम्याची तालीम असेल. तिथे श्रोत्यांची कमतरता कधीच नसते. एखादा हात मात्र नेहमी कमी पडत असतो. तेवढा देऊन बघा.