फ्लॅश मार रे जरा!

'फॅमिली रूम' नावाच्या अंधाऱ्या खोलीत जेवायला जायचं आणि मग "काही दिसत नाहीये, फ्लॅश मार रे जरा" म्हणायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. वाढदिवस, रिटायरमेंट, दहावीचा निकाल, अमेरिकेहून आलेले मामा... निमित्त कुठलंही असो. टेबलावर एक मिणमिणता दिवा, समोरची भाजी पनीरची की बटाट्याची ते तोंडात घातल्यावर कळणार, आणि कोणीतरी खुर्ची मागे सारून "इकडे बघा" म्हणून ओरडणार. नव्वदच्या दशकातला कुठलाही अल्बम काढा, हॉटेलातले फोटो एकाच साच्यातले निघतील. पुढचे दोघे-तिघे चुना फासल्यासारखे पांढरे, मधले ठीकठाक, शेवटचे अंधारात. लहान मुलांचे डोळे लालभडक.

हे असं का, याचा इतिहास फार मजेदार आहे मंडळी. थोडा स्फोटकही आहे.

सुरुवात आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत चिमट्यात धरून मॅग्नेशियमची फीत जाळलेली आठवते? "थेट बघू नका रे" असं बाई सांगायच्या आणि आपण सगळे थेटच बघायचो :-) १८६० च्या दशकात हीच तार फोटोग्राफर लोकांच्या हाती आली. १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत मॅग्नेशियम जाळून फोटो काढले. पण तार जळायला वेळ लागतो, तोवर समोरच्याने पुतळा होऊन बसायचं. पिरॅमिडची त्याला काही हरकत नसावी, जेवायला बसलेल्या कुटुंबाची मात्र असते.

मग १८८७ मध्ये जर्मनीत मीटे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळलं. ही जवळजवळ फटाक्याची दारूच. क्षणात भडका, नंतर खोलीभर पांढरा धूर. न्यूयॉर्कच्या जेकब रीस या पत्रकाराने ही भुकटी वापरून झोपडपट्टीतल्या काळोख्या खोल्यांचे फोटो काढले आणि १८९० मध्ये त्यांचं पुस्तक केलं. आधी तो पिस्तुलासारख्या उपकरणातून भुकटी उडवायचा. रात्री-बेरात्री पिस्तूल घेऊन कोणी दारात उभं राहिलं तर लोक काय करतील? पळायचे. मग त्याने चक्क तळणीचा तवा घेतला, त्यावर भुकटी पेटवायची. एकदा तर अंध माणसं राहत होती अशा खोलीत त्याच्या भडक्याने आग लागली आणि ती त्यालाच विझवावी लागली. त्या खोल्या किती वाईट आहेत हे शहराला दिसलं ते मात्र याच उजेडामुळे.

आता हॉटेलाकडे येऊ. अंधाऱ्या कॅफेत टेबलाशी बसलेल्या माणसांचे फोटो म्हटलं की पहिलं नाव ब्रासाईचं. खरं नाव ग्युला हालास, पॅरिसमध्ये स्थायिक झालेला हंगेरियन. १९३२ च्या आसपास तो कॅफेंमध्ये, नाचघरांमध्ये काचेच्या प्लेटचा कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि मग भुकटीचा बार उडवायचा. त्यावरून पिकासो त्याला 'टेररिस्ट' म्हणायचा म्हणे. गंमत अशी की त्याचे फोटो आपल्या अल्बमसारखे दिसत नाहीत. त्याचा भडका बहुतेक वेळा कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला असायचा. त्यामुळे चेहऱ्याला सावली मिळते, मागच्या आरशात दुसरीच माणसं दिसतात, टेबलावरचे ग्लास चमकतात. आपला फ्लॅश लेन्सला चिकटून बसलेला. म्हणूनच तो डोळ्यात शिरतो, पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांवरून लाल होऊन सरळ लेन्समध्ये परत येतो. लाल डोळ्यांचं गुपित एवढंच.

१९२९ मध्ये जर्मनीत फ्लॅशचा बल्ब बाजारात आला. काचेच्या गोळ्यात धातूचा पातळ वर्ख आणि ऑक्सिजन, म्हणजे भडका तोच, पण बाटलीत बंद. धूर गेला. आणि धूर गेल्यामुळे फ्लॅश हॉटेलात राजरोस शिरला. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या नाइटक्लबांमध्ये मोठाले कॅमेरे घेतलेल्या मुली टेबलाटेबलावर फिरायच्या, फोटो काढायच्या आणि तुमचं जेवण आटपेपर्यंत प्रिंट पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घालून विकायच्या. फोल्डरवर क्लबचं नाव. सुट्टीवर आलेला सैनिक, त्याची बायको, आईवडील असे हजारो फोटो काढले गेले. काहींच्या घरी तो शेवटचाच ठरला असणार.

एका बल्बला एकच फोटो. मग विचार करून काढायचा की नाही? १९६५ मध्ये कोडॅक आणि सिल्व्हेनियाचा चार बल्बांचा फ्लॅशक्यूब आला आणि लोक सलग चार फोटो मारायला लागले. दरम्यान १९३१ पासून एमआयटीत हॅरॉल्ड एजर्टन वायूने भरलेल्या नळीतून वीज सोडून पुन्हा पुन्हा वापरता येणारा फ्लॅश घडवत होते. तोच छोटा होत होत १९७५ मध्ये कोनिकाच्या सी ३५ ईएफ या कॅमेऱ्यात आत जाऊन बसला. दोन पेन्सिल सेल, त्यातून कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट साठवायचे. "थांबा थांबा, लाल दिवा लागू दे" आणि ती कुईंऽऽ अशी बारीक शिट्टी... तो आवाज म्हणजे चार्जिंग. तेवढ्यात सगळ्यांचं हसू सुकून जायचं ते वेगळंच.

पण एका गोष्टीवर कुठल्याच कंपनीला उपाय सापडला नाही, ती म्हणजे अंतर. अंतर तिप्पट झालं की उजेड नववा हिस्सा. लांब टेबलाच्या अलीकडचा माणूस दीड मीटरवर, पलीकडचा साडेचार मीटरवर. दोघांना एकाच फोटोत नीट उजेड देणं अशक्य. आता आपल्याकडे टेबलावर कोण कुठे बसतं ते आठवा. पाहुणे आणि उत्सवमूर्ती पुढे, पोरंटोरं मध्ये, आणि "मी बसते इथे भिंतीला टेकून, तुम्ही बसा" म्हणणारी आजी सर्वात शेवटी. माझ्या आजीचा शेवटच्या वर्षातला एकुलता एक फोटो असा हॉटेलातला आहे. पांढरे केस आणि चष्म्याची एक कड दिसते, बाकी काळं. मी निगेटिव्ह चांगल्या स्कॅनरवर चढवून कर्व्ह ओढून बघितले. तिथे निगेटिव्ह जवळजवळ कोरी आहे. डेटाच नाही, तर काढणार कुठून? मावसभावाने तोच फोटो एका एआय टूलमध्ये टाकून पाठवला. त्यात सुरेख, हसऱ्या, सुरकुत्यांच्या म्हातारबाई दिसतात. आईने दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि विचारलं, "ह्या कोण?"

मी तो डिलीट केला. काळा आहे तोच ठेवलाय.

यावर जुन्या कारागिरांची उत्तरं होती. फ्लॅश छतावर मारायचा, म्हणजे उजेड वरून सगळ्यांवर सारखा पडतो. पण छत पांढरं आणि बुटकं हवं, हॉटेलवाल्याने ते चॉकलेटी रंगवलेलं असतं. किंवा शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे फ्लॅशबरोबर दिव्यांचाही उजेड येतो. हे बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांना जमायचं नाही.

आणि मग आमच्या धंद्याने हा प्रश्न भलतीकडूनच सोडवला. २०१८ च्या नोव्हेंबरात गूगलने पिक्सेल फोनमध्ये 'नाइट साइट' आणलं, पुढच्या वर्षी आयफोन ११ मध्येही तसंच काही आलं. फ्लॅश नाहीच. फोन पंधरापर्यंत फ्रेम पटापट घेतो, हललेल्या एकमेकींवर जुळवतो, सरासरी काढून दाणे घालवतो. अंधारातही थोडे फोटॉन येतच असतात, ते चिल्लर गोळा करून नोट करायची, असा हा हिशोब. मेणबत्ती मेणबत्तीसारखी दिसते, आणि भिंतीला टेकून बसलेली आजी पुढच्यांइतकीच दिसते. इंजिनियर म्हणून मला हा प्रकार भुकटीच्या तव्यापेक्षा कमी थोर वाटत नाही.

एकच अट, दोन-तीन सेकंद कोणी हलायचं नाही. म्हणजे परत पिरॅमिड! आमच्या घरात हे शक्य नाही, निदान वडे येईपर्यंत तरी नाही. म्हणून हल्ली सगळीकडे दिसतं ते असं: एक जण फोटो काढतो आणि दुसरा आपल्या फोनचा टॉर्च लावून बाजूला हात उंच करून उभा राहतो. ब्रासाईचा मदतनीसही भुकटी घेऊन असाच बाजूला उभा असायचा.