घाटमाथ्यावरील गुंजी

बेळगावहून गोमंतकाकडे निघालेली वाट खानापूर ओलांडून नैऋत्येस वळली की माळराने मागे पडतात आणि तांबडी माती, भातखाचरे व दाट रान यांचा मुलूख सुरू होतो. खानापूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात, खानापूर आणि लोंढा यांच्या दरम्यान, लोहमार्गालगत गुंजी हे गाव वसले आहे. श्रीमाउली ही येथील ग्रामदेवता. कणकुंबीसही माउलीचेच स्थान आहे, आणि घाट उतरून पेडणे-सावंतवाडीच्या बाजूस गेले तरी गावोगावी हेच नाव कानी पडते. राज्यांच्या सीमा पुष्कळ वेळा बदलल्या. देवीचे नाव मात्र घाटाच्या वर आणि खाली एकच राहिले.

या प्रदेशाचे खरे वैशिष्ट्य पाण्यात आहे. कणकुंबीस उगम पावणारी मलप्रभा खानापूरवरून पूर्वेस वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते, म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. भीमगडच्या अरण्यातील देगावाजवळ उगवणारी म्हादई पश्चिमेस उतरून मांडवी होते व पणजीस अरबी समुद्र गाठते. लोंढ्याकडील पांढरी नदी काळी नदीस मिळून सदाशिवगडाशी समुद्रास भेटते. एका दिवसाच्या पायवाटेत तीन दिशांचे पाणी!

गुंजीच्या पूर्वेस असलेली हलशी ही कदंबांची पलाशिका होय. पाचव्या-सहाव्या शतकांतील त्यांचे ताम्रपट तेथे सापडले. पुढे गोव्याच्या कदंबांनी गोमंतक व हलशी हे दोन्ही प्रदेश एका छत्राखाली आणिले. शिवचित्त परमाडीदेव हा हलशीच्या भूवराह-नरसिंह मंदिराशी निगडित असलेला राजा. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटीश्वर हे या घराण्याचे आराध्य दैवत. एवढे दोन टोकांचे राज्य चालवावयाचे म्हणजे मधला घाटमाथा नित्य तुडविला जाणे ओघानेच आले. (परमाडीची राणी कमलादेवी हिने कमलनारायणाचे देवालय उभारविले ते देगाव कित्तूरजवळचे, म्हादईच्या उगमाचे देगाव निराळे. या नामसाम्याने पुष्कळांचा घोटाळा होतो.)

राजे गेले तरी वाट थांबली नाही, कारण ती मिठावर जगत होती. मीठ घाटाखालच्या आगरांत पिकावयाचे आणि घाटावर त्यावाचून कोणाचेच चालावयाचे नाही. लमाणांचे बैल मीठ, नारळ, सुपारी घेऊन चढत आणि धान्य घेऊन उतरत. या व्यवहारास पहिला मोठा धक्का बसला तो २६ डिसेंबर १८७८ रोजी झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने. गोव्यातील मिठाचे उत्पादन व व्यापार यांवर इंग्रजांचे नियंत्रण आले, आणि त्याच तहातून मुरगाव बंदर व लोहमार्ग यांची योजना सिद्ध झाली. १८८८ साली मुरगावचा मार्ग दूधसागरावरून कॅसलरॉकपर्यंत चढला व सदर्न मराठा रेल्वेस जोडला गेला. तह १८९२ मध्ये संपुष्टात आला, रूळ राहिले. जेथे बैलांच्या गळ्यातील घंटा वाजत तेथे आगगाडीची शिटी वाजू लागली. गुंजीस स्थानक मिळाले, पण लमाणांच्या तांड्यांचे दिवस भरले. इतिहासकार रेल्वेस प्रगती म्हणून मोकळे होतात. बैल विकणाऱ्याने तिला काय म्हटले असेल, याची नोंद कोणी ठेवीत नाही.

याच रुळांनी एकदा विरहही दाखविला. १८८८ पासून सुरू असलेली गोव्याची गाडी १९५५ मध्ये, मुक्तिसंग्रामाच्या धामधुमीत, बंद पडली. घाटावर स्थायिक झालेल्या आणि कुलदेवता घाटाखाली असलेल्या कुटुंबांस देवाच्या पायांपर्यंत पोहोचणे दुर्घट झाले. पिढ्यान् पिढ्यांचे अंतर एका रात्रीच्या प्रवासाचे होते, ते सहा वर्षे ओलांडता येईना. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ही ताटातूट संपली.

मधल्या काळात दुसरी एक रेषा ओढली गेली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे नेमलेल्या महाजन आयोगाने (त्याचा देवस्थानांच्या महाजनांशी संबंध नाही, न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचे ते नाव) १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर तेथेच ठेवून खानापूर, नंदगड व निपाणीसह अडीचशेहून अधिक गावे महाराष्ट्रास द्यावीत असे सुचविले. त्यावर अंमल झाला नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

आज वाद आहे तो पाण्याचा. म्हादई लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्यात कळसा व भांडुरा या नाल्यांचे ३.९ अब्ज घनफूट पाणी मलप्रभेकडे वळविण्याची तरतूद असून गोव्याचा तिला विरोध आहे. हे दोन्ही नाले खानापूर तालुक्यातीलच, म्हणजे ज्या माथ्यावर पावसाचा थेंब पूर्वेस जावा की पश्चिमेस हे आजवर केवळ भूमीचा उतार ठरवीत आला, त्याच माथ्यावरचे.