नऊ मिलिग्रॅमसाठी पंधरा हजार काजवे

कोड गंडला की मी मध्येमध्ये प्रिंट टाकतो. प्रोग्राम चालू असतानाच आत काय चाललंय ते कळतं. पण जिवंत उंदराच्या शरीरात प्रिंट कसा टाकणार? आजचा एपिसोड त्यावरच.

सुरुवात 1887 ची. राफाएल द्युबुआ हा फ्रेंच शास्त्रज्ञ खडकात भोक पाडून राहणाऱ्या एका चमकणाऱ्या शिंपल्यावर काम करत होता. त्याने गार पाण्यात अर्क काढला. तो चमकला आणि थोड्या वेळाने विझला. दुसरा अर्क गरम पाण्यात काढला, तो चमकलाच नाही. मग हे दोन्ही अंधारे अर्क एकत्र ओतले, आणि उजेड! म्हणजे पदार्थ दोन आहेत. एक इंधनासारखा, उष्णतेत टिकणारा पण वापरून संपणारा. त्याला नाव दिलं लुसिफेरिन. दुसरं ते इंधन पेटवणारं एन्झाइम, लुसिफरेज. ते गरम केलं की बाद. दोन भांड्यांत एवढं सिद्ध केलं राव! यापेक्षा स्वच्छ डिबगिंग मी पाहिलेलं नाही.

पुढे बाल्टिमोरमध्ये विल्यम मॅकएलरॉय काजव्यांच्या मागे लागला. पोरांना 100 काजव्यांमागे 25 सेंट द्यायचा. 1957 मध्ये सुमारे 15,000 काजव्यांमधून शुद्ध लुसिफेरिन मिळालं किती? 9 मिलिग्रॅम. पुरुषवाडीला काजव्यांनी लगडलेली झाडं पाहिलीत ना? मला तीच आठवली, आणि कसंतरीच झालं. 1961 मध्ये त्याची रचना कळली, ते प्रयोगशाळेत बनवता आलं. 1985 मध्ये एन्झाइमचा जीनही वेगळा काढता आला.

आता उंदराकडे येऊ. पूर्वी ट्यूमर किती वाढला हे पाहायला दर टप्प्यावर काही उंदीर मारून कापावे लागत. आता कॅन्सरच्या पेशींमध्ये काजव्याचा जीन घालतात, उंदराला लुसिफेरिनचं इंजेक्शन देतात आणि काळ्या डब्यात थंड केलेल्या कॅमेऱ्याखाली ठेवतात. जिथे पेशी जिवंत, तिथे उजेड. तोच उंदीर पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासता येतो. उंदीर मरत नाहीत असं नाही, पण कमी लागतात.

अडचण एकच. रक्तातलं हिमोग्लोबिन हा पिवळा-हिरवा उजेड गिळतं, खोलवरचं दिसत नाही. म्हणून जपानमध्ये लुसिफेरिनच बदललं, एन्झाइमही त्याला जुळवून घेतलं. 2018 मध्ये त्या गडद लाल उजेडाने मोकळ्या फिरणाऱ्या मार्मोसेट माकडाच्या मेंदूतल्या पेशी बाहेरून दिसल्या.